कानाला कळतं ते

शिकवणीत मी अधूनमधून एक खेळ घेते. पुस्तकात नसलेला, मुलांनी कधी ऐकला नसेल असा एखादा फ्रेंच शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि त्याला 'ल' लागेल की 'ला', म्हणजे तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, ते विचारायचं. मुलं अकरावी-बारावीची. फ्रेंचला मार्क पडतात म्हणून आलेली बरीच, भाषा आवडली म्हणून टिकलेली थोडी. बहुतेक जण आधी छताकडे बघतात, मग शेजाऱ्याकडे, आणि शेवटी काहीतरी ठोकून देतात. गेल्या पावसाळ्यात मात्र खिडकीपाशी बसणारी एक मुलगी ओळीनं बरोबर सांगत गेली. जहाजामागे पाण्यात उमटत जाणारी रेघ म्हणजे 'सियाज': ल. जुन्या दाराची लाकडी कडी, 'बोबीनेत': ला. 'त्रेतो', फळी टेकवायची घोडी: ल. 'फ्लोरेझों', झाडाचा बहर: ला. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. लिखाणात ती यथातथाच, उत्तरपत्रिकेत अक्षरांवरच्या तिरक्या रेघांची नुसती वाताहत. पण बसमध्ये येता-जाता कानात फ्रेंच रॅप घालून बसते, हे मला माहीत होतं. "कसं कळलं गं?" म्हटलं, तर खांदे उडवून म्हणाली, "माहीत नाही मॅडम, कानाला तसं वाटलं."

बाकीची मुलं हसली आणि तास पुढे सरकला. मी मात्र तिथेच अडकले. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी रिक्षात, पुन्हा पुन्हा तेच वाक्य डोक्यात. कारण मी फ्रेंच शिकले तेव्हा या 'वाटण्या'ला वर्गात जागाच नव्हती. कॅसेटचे दिवस होते, आणि कॅसेट महिन्यातून एकदा लागायची. बाकी सगळं वहीत. पुल्लिंगी शब्द निळ्या शाईनं, स्त्रीलिंगी लाल शाईनं. वही बंद करायची आणि शब्दाचा रंग डोळ्यांपुढे आणायचा. 'ताब्ल' लाल, 'लीव्र' निळा. आम्हाला शिकवणाऱ्या बाई अतिशय प्रेमळ होत्या, पण या बाबतीत ठाम: याला कारण नसतं, कारण विचारू नका, शब्दाबरोबर लिंग पाठ करा. त्या एकट्याच असं म्हणत होत्या असंही नाही. लेनर्ड ब्लूमफील्डसारख्या मोठ्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९३३ साली लिहून ठेवलं होतं की जर्मन, फ्रेंच किंवा लॅटिन नामाचं लिंग ठरवायला हाताशी काही व्यवहार्य कसोटी दिसत नाही. एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हटल्यावर वहीला दोन शाया लागणारच.

पण ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांच्याकडे कुठे होत्या दोन शाया?

हा प्रश्न माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या तिघांनी मनावर घेतला: टकर, लँबर्ट आणि रिगो. त्यांचं पुस्तक १९७७ साली आलं. त्यांनी 'पती लारूस' हा घरोघरी असणारा शब्दकोश घेतला आणि त्यातली ३०,००० हून अधिक नामं एका वेगळ्याच क्रमानं लावली: शब्द उच्चारला की शेवटी कोणता आवाज येतो, त्यानुसार. अर्थ बाजूला, स्पेलिंग बाजूला. मग मोजलं. नाकातला 'आं' शेवटी येणारी नामं जवळजवळ ९९ टक्के पुल्लिंगी निघाली. 'ॲं' शेवटी असणारीही तितकीच: व्हॅं, पॅं, जार्दॅं, मातॅं, वाइन, पाव, बाग, सकाळ. 'फ्रोमाज', 'व्वायाज' यांच्या शेवटी आपल्या 'ज'पेक्षा मऊ, जिभेवर जरा रेंगाळणारा जो आवाज आहे, त्यानं संपणारी सुमारे ९४ टक्के पुल्लिंगी. उलट, 'झ' ऐकू येऊन संपणारी सुमारे ९० टक्के स्त्रीलिंगी. एवढं झाल्यावर त्यांनी फ्रेंच मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना दुर्मिळ शब्द दिले, आणि भाषेत कधीच नव्हते असे बनवलेले शब्दही दिले. मुलांची उत्तरं शब्दांच्या शेवटांमागे गेली. शेवट जितका एका बाजूला झुकलेला, तितकी मुलंही त्या बाजूला. वर्षानुवर्षं ज्याला निव्वळ पाठांतर म्हटलं जात होतं, त्याच्या खाली एक हिशेब चालू होता, आणि तो करणाऱ्यालाच त्याची खबर नव्हती.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे कान शब्दाच्या शेवटापासून मागे चालत येतो. 'ओं'नं संपणारे शब्द घ्या. सालों, सावों, बालों, सित्रों: दिवाणखाना, साबण, चेंडू, लिंबू. सगळे पुल्लिंगी. म्हणून 'ओं' ऐकला की 'ल' म्हणून मोकळं व्हावं, तर समोर 'नासियों' येतो, 'स्तासियों' येतो, आणि ते स्त्रीलिंगी. 'ओं' तोच आहे, पण त्याच्या आधी 'सिय' आहे. आणखी एक पेच बघा. 'ओरिझों' म्हणजे क्षितिज आणि 'गाझों' म्हणजे हिरवळ, दोन्ही पुल्लिंगी. 'मेझों' म्हणजे घर, 'सेझों' म्हणजे ऋतू, 'रेझों' म्हणजे कारण, तिन्ही स्त्रीलिंगी. शेवटचा 'झों' दोन्हीकडे आहे. निकाल लागतो तो त्याच्याही मागच्या स्वरावर. तिथे 'ए' असेल तर बाजू पालटते. माझ्या विद्यार्थिनीनं 'फ्लोरेझों'ला 'ला' लावला तो या वाटेनं. तिला कुणी हा नियम सांगितला नव्हता, मी तर नव्हताच सांगितला, कारण मलाही तेव्हा तो असा सुटा करून मांडता आला नसता. जिन्याच्या अंधारात पाय आपोआप किती पायऱ्या उरल्या ते जाणतो, तशी काहीशी ही जाण.

जवळपास त्याच सुमारास जिनिव्हात अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ लहान मुलांबरोबर बसली होती. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या परिसरात घडलेली ही संशोधक. तिचं मुलांच्या भाषेवरचं पुस्तक १९७९ चं. ती मुलांना काल्पनिक माणसांची आणि वस्तूंची चित्रं दाखवायची आणि त्यांना मनानं रचलेली नावं द्यायची, 'बिक्रों' असं काहीतरी. चित्रात बाई असायची, पण नावाचा शेवट पुल्लिंगी वळणाचा. किंवा याच्या उलट. मोठ्या माणसाला वाटेल, बाई दिसतेय तर मूल स्त्रीलिंग वापरेल. तीन-चार वर्षांची मुलं मात्र आवाजाच्या बाजूनं उभी राहत. डोळ्यांपुढे बाई असली तरी 'बिक्रों' म्हटलं की 'ल'. पुढे वय वाढेल तसं मूल आधीच्या पुल्लिंगी 'अं' किंवा स्त्रीलिंगी 'युन'कडे, म्हणजे नामाआधीच्या शब्दाकडे जास्त लक्ष देऊ लागतं. आणि असं का म्हणालास हे विचारलं, तर मुलं शब्दाच्या शेवटाचं नाव घेत नसत. ती दुसरंच काही कारण द्यायची: तुम्हीच तसं म्हणालात, किंवा ती मुलगी आहे ना. ज्या आधारावर उभी होती, तो त्यांना दिसत नव्हता.

हे वाचलं तेव्हा माझ्या मावसबहिणीची लेक आठवली. बहीण माँट्रियलला असते. मी गेले होते तेव्हा भाची तिथल्या पाळणाघरात जायच्या वयाची होती. घरात मराठी, बाहेर फ्रेंच. तिच्याकडे लोकरीचा, फ्रॉक घातलेला हत्ती होता आणि त्याचं नाव तिनंच ठेवलं होतं: पातुशों. मला मराठीत सांगायची, "मावशी, ही आई आहे, हिला दोन बाळं आहेत, हात नको लावूस, ती झोपलीये." आणि शेजारची मैत्रीण खेळायला आली की त्याच हत्तिणीवर पांघरूण घालत तिला बजावायची, "इल दोर, मों पातुशों." तो झोपलाय, माझा पातुशों. एकाच दुपारी, एकाच गालिच्यावर, एका भाषेत ती आई आणि दुसऱ्या भाषेत तो. आम्ही दोघी बहिणी तेव्हा चहाचे कप धरून हसलो होतो, मुलीचा गोंधळ होतोय म्हणून. आता वाटतं, गोंधळ कसला? मराठीत तिला हत्तीण दिसत होती आणि फ्रेंचमध्ये तिला 'ओं' ऐकू येत होता. दोन्ही भाषांशी ती आपापल्या जागी प्रामाणिक होती.

त्या मुक्कामात मी मॅकगिलच्या आवारातून बऱ्याचदा चालत गेले. शेरब्रुक रस्त्यावरची कमान, मागे माँ-रोयालची टेकडी, झाडांखाली घट्ट दाबला गेलेला बर्फ आणि त्यावर पसरलेली खडबडीत वाळू. खाली उतरलं की मेट्रो. तिची चाकं रबराची, त्यामुळे खडखडाट कमी आणि आतली घोषणा स्वच्छ ऐकू येते: "प्रोशेन स्तासियों", पुढचं स्थानक. मी त्या घोषणेसाठी कान टवकारून बसायची. 'प्रोशेन' मधला 'न' स्पष्ट ऐकू येतो. शब्द पुल्लिंगी असता तर 'प्रोशॅं' झालं असतं, 'न' नाकात विरून गेला असता. त्या एका 'न'नं 'स्तासियों' यायच्या आधीच सांगून टाकलेलं असतं की जे येतंय ते स्त्रीलिंगी आहे. शहरातली लाखो माणसं रोज हा 'न' ऐकतात आणि कुणी मान वर करून बघत नाही.

फ्रेंच स्त्रीलिंगाचं बरंचसं रहस्य या ऐकू येणाऱ्या व्यंजनात आहे. मांजर बघा. लॅटिनमध्ये बोका 'कात्तुस', मांजरी 'कात्ता'. शतकांच्या घासाघाशीत बोक्याचा शेवट झडला आणि हळूहळू त्याचा 'त'ही गळाला, उरला 'शा'. मांजरीचा शेवटचा 'आ' क्षीण होत पुसट 'अ' झाला आणि मग तोही बोलण्यातून गेला. पण जाण्याआधी त्यानं आपल्या आधीच्या 'त'ला सांभाळलं होतं. म्हणून मांजरी आजही 'शात'. लहान म्हणजे 'पती' आणि 'पतीत', हिरवा-हिरवी म्हणजे 'व्हेर' आणि 'व्हेर्त', मोठा-मोठी म्हणजे 'ग्रां' आणि 'ग्रांद', सगळीकडे हेच. स्वर गेला, पण त्यानं राखलेलं व्यंजन राहिलं आणि तेच स्त्रीलिंगाची खूण झालं. दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझ-मार्सेयकडे, तो पुसट 'अ' अजून बोलण्यात ऐकू येतो. उत्तरेकडे तो पद्य म्हणताना आणि गाताना परत येतो. आपणही बोलताना 'घर्' म्हणतो आणि अभंग गाताना शेवटचा 'अ' पूर्ण उघडतो, तसाच.

आणि इथे मला आपलं मराठी फार जवळून दिसायला लागलं. आपल्याकडेही शेवटचे स्वर झडलेच. 'जिह्वा'ची जीभ झाली, 'लज्जा'ची लाज, 'माला'ची माळ, 'भिक्षा'ची भीक. पण दुसऱ्या बाजूला 'हस्त'चा हात झाला, 'दन्त'चा दात, 'कर्ण'चा कान. आपल्या शब्दांनी स्वर सोडले ते दोन्हीकडे सारखेच, आणि व्यंजन दोन्हीकडे राहिलं. त्यामुळे 'जीभ' आणि 'हात' नुसते ऐकून परक्याला काही म्हणता काही कळत नाही. अनेकवचनात जिभा आणि माळा होतात, हात आणि दात जसेच्या तसे राहतात, तेव्हा कुठे वेगळेपण उघडं पडतं. 'घोडा, घोडी, घोडं' इतकं सरळ दार आपण एकीकडे ठेवलं, आणि दुसरीकडे 'घर, भिंत, हात' अशी तीन लिंगांची तीन नामं एकाच अकारान्त चेहऱ्यानं उभी केली. पुण्यात मराठी शिकायला आलेल्या एका फ्रेंच तरुणीनं मला विचारलं होतं, तुमच्या शब्दाच्या शेवटी मी नेमकं काय ऐकू? मी तिला जमेल तेवढं सांगितलं. पण तिच्या प्रश्नामागे तिचा सगळा कान होता, हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं. लहानपणापासून शब्दाच्या शेवटी खुणा शोधायला सरावलेला कान 'भिंत'च्या शेवटी येऊन रिकामा थांबत असणार.

आवाज किती जोर करू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण पानाचं आहे. लॅटिनमध्ये पान 'फोलियुम', नपुंसकलिंगी. अनेकवचन 'फोलिया'. नपुंसकलिंग मोडकळीला आलं तेव्हा लोकांना या 'फोलिया'चा शेवटचा 'आ' ऐकू आला, आणि 'आ' म्हणजे स्त्रीलिंग ही सवय तर कानात मुरलेली. पुष्कळ पानांची एक पानी झाली: 'ला फय'. आनंदाचंही तसंच. 'गौदिया', अनेक आनंद, यातून एकच 'जुवा' झाली, स्त्रीलिंगी. 'आर्मा', हत्यारं, यातून 'आर्म', तीही स्त्रीलिंगी. कुणी व्याकरणकार बसून ठरवायला आला नव्हता. बाजारात, शेतावर, चुलीपाशी माणसांनी एक स्वर ऐकला आणि त्याप्रमाणे शब्दाला घरात जागा दिली.

मॅकगिलमधलेच रॉय लिस्टर यांनी २००६ साली शाळकरी मुलांच्या रोबेर शब्दकोशातली जवळपास १०,००० नामं तपासली. स्त्रीलिंगी नामांपैकी ८१ टक्के आणि पुल्लिंगींपैकी ८० टक्के नामांचे शेवट असे निघाले की त्यावरून लिंग किमान ९० टक्के खात्रीनं सांगता येतं. त्यांचा खरा जीव होता तो वर्गात. क्यूबेकमध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या त्या फ्रेंचभाषी प्रांतात, इंग्रजी घरांतली बरीच मुलं शाळेतले बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकतात, वर्षानुवर्षं, फाडफाड बोलायला लागतात आणि तरी लिंगाशी अडखळतात. अशा पाचवीच्या वर्गांमध्ये शब्दांच्या शेवटांकडे मुद्दाम लक्ष वेधून शिकवलं, तर मुलं सुधारतात, हे लिस्टर यांनी दाखवलं. हे वाचून मी संध्याकाळभर अस्वस्थ होते. आनंद होताच. पण माझ्या लाल-निळ्या वह्या माळ्यावर आहेत, आणि त्यांतला कितीतरी मजकूर मी तोंड मिटून पाठ केलाय, हेही डोळ्यांपुढे आलं. जे ज्ञान तोंडानं म्हणून कानात मुरतं, ते आम्ही रंगांवर सोपवलं होतं. ऐंशी टक्क्यांची वाट समोर असताना आजही बहुतेक पाठ्यपुस्तकं शेवटांची एक चौकट कोपऱ्यात छापतात आणि पुढे जातात. मला हे पटत नाही. तो पहिल्या महिन्याचा धडा असायला हवा.

आता माझ्या शिकवणीत नवा धडा आला की पुस्तक उघडायच्या आधी शब्द ऐकायचे असतात. सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचे, शेवट लांबवून म्हणायचे, मग एकसारख्या शेवटांच्या जोड्या लावायच्या. खिडकीपाशी बसणारी ती मुलगी यात पुढे असतेच. एकदा तिला 'जुमां' विचारला. तिनं क्षणात 'ल' म्हटलं. 'जुमां' म्हणजे घोडी. 'आं'नं संपूनही स्त्रीलिंगी असलेल्या मूठभर शब्दांपैकी एक. तिचं उत्तर शब्दकोशाप्रमाणे चूक होतं आणि मी तिला पूर्ण मार्क दिले, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तिच्या कानानं दिलेला कौल खरा ठरला असता. वर्गातल्या एका मुलानं हरकत घेतली. त्याचंही बरोबर होतं.

खुद्द फ्रेंच लोकांचंही सगळ्या नामांवर एकमत होत नाही. दलिला आयून या संशोधिकेनं मातृभाषकांनाच नामांची लिंगं विचारली, तर सगळ्यांचं एकमत झालेले शब्द फार थोडे निघाले. विशेषतः स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांत घोळ होतो, कारण तिथे 'ल' आणि 'ला' दोघेही आपला स्वर गमावून नुसते 'ल्' होऊन शब्दाला चिकटतात, आणि 'अं' म्हणा की 'युन', जोडताना मध्ये 'न' ऐकू येतोच. क्यूबेकच्या रोजच्या बोलण्यात विमान आणि बस सर्रास स्त्रीलिंगी होतात, 'युन आव्हियों', 'युन ओतोब्युस'. माझ्या बहिणीच्या शेजारणीच्या तोंडी मी ते कित्येकदा ऐकलं. शाळेत ते दुरुस्त होतं आणि थांब्यावर परत येतं.

उरलेल्या वीस टक्क्यांतले काही शब्द मात्र मला फार विचारात पाडतात. 'ॲं'नं संपणाऱ्या शेकडो पुल्लिंगी नामांमध्ये स्त्रीलिंगी कोण? मॅं, हात. फॅं, भूक. 'आं'च्या घोळक्यात दां, म्हणजे दात. 'ओ'नं संपणारे बातो, शातो, गातो (होडी, किल्ला, केक) सगळे पुल्लिंगी, आणि त्यांच्याच शेजारी स्त्रीलिंगी पो, कातडी, आणि ओ, पाणी. संशोधक सांगतात की फार वापरातले शब्द अनियमित राहू शकतात, कारण ते इतक्या वेळा कानावर पडतात की नियमाच्या आधाराची त्यांना गरजच उरत नाही. मूल 'ला मॅं' हे 'हात दे, हात धर' यातून ऐकतं, 'ला फॅं' रडून शिकतं. माझ्या वर्गातल्या मुलांना ही शब्दांची संगत सोळाव्या वर्षी मिळते, आणि तीही आठवड्यातून दोन संध्याकाळी. म्हणून या पाच-सहा शब्दांसाठी मी शेवटांच्या जोड्या लावत नाही. पाण्याची बाटली पुढे करून 'द लो' म्हणायला लावते, हात वर करायला 'ला मॅं' म्हणते, आणि सात वाजत आले की कुणीतरी डबा उघडत म्हणतंच, "मॅडम, जे फॅं."